आईचं ॲसिट्रॉम, बाबांचं अपिक्साबॅन आणि मधेच आलेलं पाच दिवसांचं औषध

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७४ वर्षांच्या. हृदयाची मायट्रल झडप काढून धातूची बसवलेली, त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉमची गोळी चालू. गेल्या महिन्यात जुलाब झाले म्हणून मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळाल्या. त्याच आठवड्यात गुडघा धरला म्हणून कमरेत डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन झालं. सहाव्या दिवशी खुब्यापासून मांडीपर्यंत काळंनिळं पडलं, चक्कर आली, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) ९ च्या वर निघाला आणि रक्त चढवावं लागलं. आता त्या घरी आहेत. बाबा ८२ वर्षांचे, वजन ५४ किलो. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतात. शिवाय सहा वर्षांपूर्वीच्या स्टेंटमुळे ॲस्पिरिन आणि ठोक्यांसाठी डिल्टियाझेम. त्यांच्या हातांवर निळे डाग उठतात. तुम्ही विचारलंय की हे कशामुळे झालं, आईंनाही तपासणी न लागणारी नवी गोळी देता येईल का, आणि दुखलं तर घ्यायचं काय.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर असलेले वयस्कर रुग्ण मी अनेक वर्षं बघतो आहे. रक्तस्राव होऊन दाखल झालेल्या माणसाच्या घरी मी पहिला प्रश्न विचारतो तो असा: गेल्या दहा दिवसांत नवीन काय सुरू झालं, आणि काय बंद झालं? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. वर्षानुवर्षं नीट चाललेली गोळी अचानक बिघडत नाही. मधे कुणीतरी तीन किंवा पाच दिवसांचं औषध दिलेलं असतं. ज्याने दिलं त्याला ॲसिट्रॉमचं माहीत नसतं, आणि ज्याला ॲसिट्रॉमचं माहीत असतं त्याला या नव्या औषधाचा पत्ता नसतो.

आईंच्या बाबतीत एका आठवड्यात चार गोष्टी एकावर एक आल्या. ॲसिट्रॉम व्हिटॅमिन के च्या कामात आडवं येतं. रक्त गोठवणारे चार घटक (दोन, सात, नऊ आणि दहा क्रमांकाचे) यकृतात तयार होताना हे व्हिटॅमिन लागतं. जुलाबात आईंचं जेवण तुटलं असणार, पेज आणि ताकावर दिवस काढले असतील. म्हणजे व्हिटॅमिन के ची आवक घटली. त्यात तापही असेल तर गोठवणारे घटक जास्त वेगाने खर्च होतात. ही पहिली गोष्ट. दुसरी, अँटिबायोटिकने आतड्यातले जीवाणू मारले. त्यांच्याकडूनही थोडं व्हिटॅमिन के मिळत असतं. तिसरी आणि सगळ्यांत मोठी म्हणजे मेट्रोनिडाझोल. यकृतातलं जे एन्झाइम या जातीच्या औषधांचा निचरा करतं, त्यालाच ते अडवतं. गोळी तीच, डोस तोच, पण शरीरात ती साठत जाते. आयएनआर दोन-तीन दिवसांत चढू लागतो आणि आठवड्याच्या आत धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. चौथी गोष्ट, अशा रक्तात स्नायूत खोल सुई घातली गेली. डायक्लोफिनॅकने प्लेटलेट्सचं कामही मंदावलं. खुब्याच्या स्नायूत लिटरभर रक्त सहज मावतं आणि वरून सुरुवातीला काहीच दिसत नाही.

यातली एकच गोष्ट घडली असती तर आई बहुधा निभावून गेल्या असत्या. म्हणून मी गावातल्या डॉक्टरांना एकट्याला दोष देणार नाही, पण कमरेतल्या इंजेक्शनबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ॲसिट्रॉम, वॉर्फरिन किंवा नवी कुठलीही रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाला दुखण्यासाठी स्नायूत इंजेक्शन देऊ नये. आपल्याकडे इंजेक्शनशिवाय डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटत नाही, पेशंटच हट्ट धरतात. तुमच्या आईंनी यापुढे हात जोडून नाही म्हणायचं. फ्लूची लस ही वेगळी गोष्ट आहे. आयएनआर मर्यादेत असेल तर ती दंडात बारीक सुईने घेऊन त्या जागी चार-पाच मिनिटं घट्ट दाबून धरलं की पुरतं. खुब्याला आता शेक नको, मालिश तर अजिबात नको. रंग हिरवा-पिवळा होत काही आठवड्यांत जाईल. सूज पुन्हा वाढली किंवा पायाला मुंग्या आल्या, जोर कमी झाला, तर त्याच दिवशी दाखवा.

मेट्रोनिडाझोलच्या पंक्तीत बसणारी आणखी काही औषधं तुम्हाला तोंडपाठ असावीत, कारण ती फार सहज दिली जातात. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल. बुरशीसाठी फ्लुकोनाझोल, नायट्यावर आठवड्याला एक गोळी म्हणून ती सर्रास मिळते. तोंडातल्या बुरशीसाठी मायकोनाझोलचं जेल. हे नुसतं तोंडात लावायचं असतं म्हणून कुणी औषधात धरत नाही, पण तोंडातून शोषलं जाऊन तेवढ्यानेही आयएनआर चढतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्सही तशीच. अमिओडॅरोन हृदयाच्या ठोक्यांसाठी देतात. त्याचा परिणाम हळूहळू काही आठवड्यांत चढतो आणि औषध बंद केल्यावरही महिनोन्‌महिने टिकतो. ते सुरू झालं की ॲसिट्रॉमचा डोस बऱ्याचदा एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करावा लागतो. अँटिबायोटिक लागलं तर ते घ्यायचंच, जंतुसंसर्ग अंगावर काढायचा नाही. फक्त सुरू केल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आयएनआर करायचा, आणि कोर्स संपल्यावर आठवड्याभरात पुन्हा एकदा. हा दुसरा आयएनआर लोक हमखास विसरतात. मधल्या काळात डोस कमी केला असेल तर आता तो अपुरा पडतो आणि झडपेवर गुठळी बसायची भीती असते.

उलटा प्रकार क्षयाच्या औषधांचा. रिफॅम्पिसिन यकृतातल्या एन्झाइमना इतकं जोमाने कामाला लावतं की ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिनचा डोस कित्येकदा दुप्पट किंवा त्याहून जास्त करावा लागतो. पेशंट सहा महिने तो मोठा डोस घेतो, क्षयाचा कोर्स संपतो, घरात आनंद होतो आणि रक्त पातळ करण्याची गोळी मात्र त्याच मोठ्या डोसवर चालू राहते. दोनेक आठवड्यांत एन्झाइम मूळपदावर येतात आणि रक्तस्राव होतो. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्यांचं काम याच वळणाचं आहे. औषध बंद होणं हीसुद्धा नवी घटना आहे, हे म्हणूनच मी पुन्हा पुन्हा सांगतो.

आता आईंना नवी गोळी देता येईल का? नाही. धातूची झडप असेल तर अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांपैकी काहीही चालत नाही. २०१३ मध्ये डॅबिगॅट्रानचा धातूच्या झडपांवरचा अभ्यास मधेच थांबवावा लागला, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. पुढे अपिक्साबॅनवरही तसाच अभ्यास झाला आणि तोही गुठळ्यांमुळे थांबवला गेला. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडपा आकसलेले पेशंट खूप आहेत, त्यांनाही हेच लागू पडतं. दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या इन्व्हिक्टस या मोठ्या अभ्यासात २०२२ मध्ये दिसलं की अशा रुग्णांत रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुनीच गोळी सरस ठरली, मृत्यूही कमी झाले. तेव्हा आईंचं ॲसिट्रॉम आणि आयएनआर हे आयुष्यभराचं आहे, आणि ते सांभाळता येतं.

आयएनआरच्या कागदावरून होणारा एक घोटाळा इथेच सांगतो. प्रयोगशाळा आपल्या छापील रकान्यात ०.८ ते १.२ असं काहीतरी ‘नॉर्मल’ लिहिते आणि आईंचा ३.१ ठळक अक्षरांत ‘हाय’ म्हणून येतो. घरचे घाबरून गोळी बंद करतात. मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर सर्वसाधारणपणे २.५ ते ३.५ हवा असतो. म्हणजे ३.१ हा अगदी मनासारखा आकडा. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून आईंचा अपेक्षित आकडा लिहून घ्या आणि त्याच्याशीच ताडून बघा. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा. गोळी संध्याकाळी ठरलेल्या वेळी द्या, म्हणजे सकाळी दिलेल्या रक्ताचा निकाल बघून त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. ॲसिट्रॉम १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतं, औषधाच्या दुकानातून येणारी पट्टी दर वेळी डोळ्यांनी वाचा.

नातेवाईक मोबाइलवर वाचून मला विचारतात, ‘हे उंदरांचं विष आहे ना?’ वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठीच बाजारात आलं, आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरात आहे. ॲसिट्रॉम त्याच कुळातलं. पण या माहितीने घाबरून गोळी सोडलेल्या पेशंटची झडप अडकलेली मी पाहिली आहे. ती अवस्था रक्तस्रावापेक्षा सोपी नसते.

बाबांचं प्रकरण मला आईंपेक्षाही जास्त काळजीचं वाटतं, कारण तिथे अजून काही घडलेलं नाही आणि म्हणून कुणी बघतही नाही. अपिक्साबॅनला आयएनआर लागत नाही, पण याचा अर्थ त्याला काहीच बघावं लागत नाही असा होत नाही. ठोक्यांच्या आजारात त्याचा डोस ५ वरून २.५ मिलिग्रॅमवर आणण्याच्या तीन अटी आहेत: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त. तिन्हीपैकी दोन लागू झाल्या की डोस अर्धा. बाबांना पहिल्या दोन लागू होतात. कदाचित गोळी सुरू केली तेव्हा ते ८० च्या आत असतील आणि नंतर कुणी कागद उघडून पाहिला नसेल. डोस तुम्ही परस्पर बदलू नका, पण या आठवड्यात डॉक्टरांना वय आणि वजन सांगून हा प्रश्न विचारा. हेही ध्यानात ठेवा की ज्यांना दोन अटी लागू होत नाहीत त्यांचा डोस ‘वय झालंय, उगाच जास्त नको’ म्हणून अर्धा केला, तर पक्षाघातापासूनचं संरक्षण कमी होतं. तशी चूकही मी वारंवार बघतो.

दुसरं म्हणजे ॲस्पिरिन. स्टेंटला सहा वर्षं झाली आणि मधे छातीत दुखलं नसेल, नवा ब्लॉक नसेल, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ॲस्पिरिन चालू ठेवण्याचं कारण बहुतेकांत उरत नाही. जपानमधल्या ॲफायर अभ्यासात २०१९ मध्ये दिसलं की स्थिर हृदयरोगात नुसतं रिव्हारोक्साबॅन हे जोडगोळीइतकंच उपयोगी ठरलं आणि रक्तस्राव कमी झाला. त्यानंतर युरोपातल्या मार्गदर्शक सूचनाही स्टेंटनंतर साधारण वर्षभराने एकाच गोळीवर या, असंच सांगतात. निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा, पण तो प्रश्न कुणी काढतच नाही, म्हणून तुम्ही काढा. घरातले पत्ते नीट तपासा, कारण ॲस्पिरिन कोलेस्टेरॉलच्या गोळीत मिसळूनही येतं. एकोस्प्रिन गोल्ड या एका कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोर्वास्टॅटिन अशी तिन्ही असतात. पेशंट मात्र ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ एवढंच सांगतो.

तिसरं डिल्टियाझेम. अपिक्साबॅन आणि रिव्हारोक्साबॅन ज्या वाटांनी शरीरातून बाहेर पडतात त्यांतल्या दोन वाटा डिल्टियाझेम अर्धवट अडवतं. अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेतल्या ज्येष्ठांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डिल्टियाझेम घेणाऱ्यांना ठोक्यांचंच दुसरं औषध मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांपेक्षा गंभीर रक्तस्राव जास्त झालेले दिसले, आणि दिवसाचा डोस १२० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका आणखी वाढलेला होता. बाबांना दमा नसेल तर ठोक्यांसाठी मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल चालेल का, हे विचारा. म्हणजे बाबांकडे एकाच वेळी तीन गोष्टी जुळून आल्या आहेत: वयावजनाच्या मानाने मोठा डोस, ॲस्पिरिन आणि डिल्टियाझेम. हातावरचे निळे डाग नुसते वयाने पातळ झालेल्या कातडीचेही असू शकतात, पण या परिस्थितीत मी ते वयावर ढकलणार नाही. हिमोग्लोबिन करून ठेवा. वर्षभरात ते गुपचूप दोन ग्रॅमने उतरलं असेल तर पोटातून थोडं थोडं रक्त जातंय असं धरून शोध घ्यायचा.

नव्या गोळ्यांवर असलेल्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन टाळलेलं बरं. घशासाठी, छातीसाठी, पोटातल्या जंतूसाठी ते दिलं जातं. कॅनडात ओंटारिओतल्या ज्येष्ठांमध्ये ॲझिथ्रोमायसिनच्या तुलनेत त्याने रक्तस्रावामुळे दाखल होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांच्याबरोबर या गोळ्या कामच करेनाशा होतात.

मूत्रपिंडाबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण इथे चांगले डॉक्टरही फसतात. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.१ आलं की ‘किडनी नॉर्मल’ असं म्हटलं जातं. मूत्रपिंड खरं किती गाळतं याचा हिशोब वय आणि वजन धरून करावा लागतो. ७८ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजी धरा. १४० मधून वय वजा केलं की ६२. त्याला ४५ ने गुणलं की २७९०. ७२ गुणिले १.१ म्हणजे ७९.२ ने भागलं की ३५. स्त्री असल्याने ०.८५ ने गुणलं की ३०. म्हणजे त्या आजींचं मूत्रपिंड मिनिटाला जेमतेम ३० मिलिलिटरच्या आसपास रक्त गाळतं. बारीक चणीच्या म्हाताऱ्या माणसात स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिन फसवं दिसतं. डॅबिगॅट्रान ८० टक्के लघवीवाटे जातं, अशा आजींना ते फार सांभाळून किंवा नकोच. अपिक्साबॅनचा पाव हिस्साच मूत्रपिंडावर अवलंबून, म्हणून म्हातारपणी मला तेच अधिक भरवशाचं वाटतं. जुलाब-उलट्या, उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, यांनी चार दिवसांत मूत्रपिंड आणखी मंदावतं. बाबांचं क्रिएटिनिन दर चार-सहा महिन्यांनी, आणि मोठा आजार झाला तर लगेच.

दुखण्याचं औषध. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब, यांपैकी काहीही आई किंवा बाबांना नको, एक दिवससुद्धा नको. पोटाचं अस्तर उघडं पडतं आणि वर रक्त पातळ. डेन्मार्कमधल्या दीड लाख रुग्णांच्या २०१४ मधल्या अभ्यासात अशा गोळ्यांनी गंभीर रक्तस्रावाचा धोका साधारण दुप्पट झाला, आणि पहिल्या पंधरवड्यापासूनच. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आहे, डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच. ‘अंगदुखीची एक द्या’ म्हणून दुकानदाराकडून काहीही आणायचं नाही.

चालतं ते पॅरासिटामॉल: ५०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीनपर्यंत, थोडे दिवस. रोज दोन ग्रॅमच्या वर आठवडाभर घेतलं तर ॲसिट्रॉमवर असलेल्याचा आयएनआर त्यानेही चढतो, म्हणून लांबलं तर तपासा. ट्रॅमाडॉल घातलेल्या गोळ्याही आयएनआर वाढवतात, शिवाय म्हाताऱ्यांना भोवळ आणून पाडतात. गुडघ्यावर डायक्लोफिनॅकचं जेल थोड्या जागेवर थोडे दिवस लावायला हरकत नाही, रक्तात फार कमी उतरतं. पण बऱ्याच बाममध्ये मिथाइल सॅलिसिलेट असतं. ते दिवसातून चार वेळा पाय भरून चोळलं तर अंगात मुरतं आणि आयएनआर वाढल्याची उदाहरणं आहेत. आईंच्या गुडघ्याला खरा आराम मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाने पडेल. फारच झालं तर आयएनआर मर्यादेत असताना अस्थिरोगतज्ज्ञ सांध्यात इंजेक्शन देऊ शकतात. सांध्यातलं आणि कमरेतलं इंजेक्शन यांत गल्लत करू नका. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घरात येऊ देऊ नका. तशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामकं मिसळलेली अनेकदा सापडली आहेत.

मन उदास म्हणून दिल्या जाणाऱ्या एसिटालोप्राम, सर्ट्रालिन या गोळ्या प्लेटलेट्सना थोड्या दुबळ्या करतात. त्या गरजेच्या असतील तर घ्याव्यात, पण डॉक्टरांना दोन्ही यादी एकत्र दिसल्या पाहिजेत.

खाण्याबद्दल फार बाऊ करू नका. मेथी, पालक, अळू, शेपू, कोथिंबीर या सगळ्यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं, म्हणून कुणी कुणी पालेभाजी कायमची बंद करतात. ते चुकीचं आहे. आठवड्यात जेवढ्या वेळा खाता तेवढ्याच वेळा खा, डोस त्याप्रमाणे बसवता येतो. त्रास होतो तो श्रावणात एकदम उपास सुरू झाले किंवा मुलीकडे जाऊन महिनाभर रोज पालेभाजी झाली की. फोडणीतली हळद-लसूण, हळदीचं दूध चालेल. कर्क्युमिनच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, जिंको या वनस्पतीच्या गोळ्या हे नको.

कुणी म्हणेल बाबा पडतील, म्हणून गोळीच बंद करून नुसतं ॲस्पिरिन द्या. हे ऐकू नका. इंग्लंडमध्ये ७५ च्या पुढच्या रुग्णांवर झालेल्या बाफ्टा अभ्यासात २००७ मध्ये वॉर्फरिनने पक्षाघात निम्म्याने कमी झाले आणि मोठे रक्तस्राव ॲस्पिरिनपेक्षा जास्त झाले नाहीत. पडू नयेत म्हणून रात्री दिवा, बाथरूममध्ये पकडायला दांडा, आणि झोपेची गोळी शक्यतो नको.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, लाल लघवी, नाकातून न थांबणारं रक्त, अचानक दम लागणं किंवा पांढरंफटक पडणं, यांपैकी काही झालं तर सकाळची वाट बघू नका. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती चिकट आणि उग्र वासाची नसते. डोक्याला लागलं तर पेशंट ठणठणीत बोलत असला तरी सीटी स्कॅन करा. सुरुवातीचा स्कॅन चांगला आला आणि दोन-तीन आठवड्यांनी चालताना झोक जाऊ लागला, बोलणं विसंगत झालं, झोप वाढली, तर पुन्हा करा. मेंदूवर हळू साचणारं रक्त असंच उशिरा दिसतं. कॅज्युअल्टीत शिरल्यावर पहिल्या वाक्यात औषधाचं नाव आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा. आईंना व्हिटॅमिन के आणि गोठवणारे घटक देऊन सावरता येतं. बाबांच्या अपिक्साबॅनवर व्हिटॅमिन के चा काहीच उपयोग नाही, तिथे शेवटची गोळी दोन तासांपूर्वीची की चौदा तासांपूर्वीची यावरच पुढचे उपचार ठरतात.